साच्यानंतरचं काम

प्लास्टिकच्या साच्यातून निघालेला बोटाच्या पेराएवढा राक्षस विकत घ्यायचा, त्याचा हात कापून दुसऱ्याचा बसवायचा, डोक्यावरचं शिरस्त्राण तासून टाकायचं आणि मग डोळ्याला भिंग लावून तो रंगवायचा, असा माझा छंद आहे. ही मिनिएचर्स युद्धखेळाची असतात. ब्रिटनमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ काढला आणि १९८७ साली त्याचा दूरच्या भविष्यात घडणारा भाऊ, ‘वॉरहॅमर ४०,०००’. टेबलावर डोंगर, पडक्या भिंती मांडायच्या, टेपने अंतर मोजत फौजा पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं, असा हा खेळ. रत्नागिरीत समोर बसणारा गडी मिळणं कठीण, त्यामुळे वाट्याला खेळापेक्षा रंगकामच जास्त येतं. या छंदावरचे आक्षेप मला पाठ आहेत. ‘पोरखेळ’ हा त्यातला सर्वांत हलका. वजनदार आक्षेप येतो तो चित्रकला शिकलेल्या मंडळींकडून. मूर्ती दुसऱ्याने घडवली, साचा कंपनीचा, गोष्टही कंपनीची, तुम्ही नुसते रंग भरता, मग यात तुमचं काय? माझं म्हणणं असं की हा प्रश्न निदान कोकणात तरी कुणी विचारू नये. साच्यातून निघालेल्या वस्तूवर आपला हात कसा उमटवायचा, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

भाद्रपदाच्या आधी जिल्ह्यातल्या कुठल्याही गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, डोकावा. घरोघरचे पाट येऊन पडलेले असतात आणि ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती बसत असतो. यातले पुष्कळसे साच्यातले. माती साच्यात दाबून बसवायची, भाग जोडायचे, सांधे ओल्या बोटाने मिटवायचे, हात वेगळे लावायचे. एका साच्यातून कितीही निघाले, तरी चतुर्थीला घरी आलेला गणपती शेजारच्या घरातल्यासारखा दिसत नाही. लोक शाळा निवडतात तीही साच्यावरून नाही. अमक्याची आखणी नाजूक, तमक्याच्या गणपतीचे डोळे बोलतात, हे सगळे निकष रंगवणाऱ्या हाताचे आहेत. अंगाला रंग मारायला शाळेतली पोरंही चालतात, डोळे मात्र मुरलेला माणूसच काढतो. मूर्ती कुणाची, याचा निवाडा इथे साच्यानंतरच्या कामावर होत आला आहे. आणि गोष्ट रंगापुरतीही थांबत नाही. ‘जय मल्हार’ मालिका गाजत होती तेव्हा शाळांमधून मल्हारी वेशातले गणपती निघाले, ‘बाहुबली’ आला तेव्हा बाहुबलीच्या पवित्र्यातले. आयुध बदललं, फेटा चढला, भंडाऱ्याचा पिवळा रंग उधळला गेला. युद्धखेळाच्या दुनियेत याला कन्व्हर्जन म्हणतात आणि त्यात वाकबगार असलेल्याला मान देतात. आपल्याकडे अशा गणपतींवर कुरकुर झाली, पण ती औचित्याची होती. ‘साचा तर जुनाच, मग कारागिराने केलं काय?’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

यावर लगेच उत्तर येतं की गणपती पूजेचा, त्याच्यात भाव ओतलेला असतो, खेळातल्या प्याद्याशी त्याची तुलना कशी करता? ठीक आहे, गणपती बाजूला ठेवू आणि गंजिफा घेऊ. सावंतवाडी आज सिंधुदुर्गात असली तरी १ मे १९८१ पर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत कुणी कसं बसायचं, कुणाची खूण काय, हे परंपरेने आधीच ठरवून टाकलेलं. म्हणजे इथेही गोष्ट दुसऱ्याची, मांडणी दुसऱ्याची, चिताऱ्याच्या हाती उरली फक्त रेघ आणि रंग. शिवाय ते पत्ते भिंतीवर लावण्यासाठी नव्हतेच. पिसायचे, वाटायचे, घामट हातांनी जमिनीवर आपटायचे, म्हणून तर वरून लाखेचा हात द्यायचा. आम्ही रंगवलेल्या आकृतीवर वार्निश मारतो ते याच कारणाने. ही कला मोडकळीला आली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, राजवाड्यात चितारी बसवून ती पुन्हा उभी केली. तो उद्योग खेळायच्या पत्त्यांसाठी होता म्हणून वाया गेला, असं कुणी म्हणणार असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता रंगकामातलं ‘आपलं’ म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहायला हवं, नाहीतर हा सगळा वाद हवेतच राहील. या आकृत्या साधारण २८ मिलिमीटरच्या मापाच्या. डोकं, पंजे आणि हत्यारं शरीराच्या मानाने मोठी केलेली असतात, कारण ती हातभर अंतरावरून ओळखू आली पाहिजेत. शिमग्याच्या नमनात नाचणाऱ्या संकासुर या सोंगाची टोपी एवढी उंच असते त्यामागेही मागच्या रांगेतल्या माणसाची सोय असावी, असा माझा एक फुकटचा तर्क आहे. तर एवढ्याशा आकृतीची अडचण अशी की तिच्यावर खऱ्या उजेडाची सावली जवळजवळ दिसतच नाही. पुरुषभर पुतळ्याच्या वस्त्राच्या चुणीत सूर्य आपोआप काळोख भरतो. इथे चुणी केसाएवढी, तिच्यात काळोख भरायचा तो रंगवणाऱ्याने. मग पातळ गडद रंग खाचांत उतरू द्यायचा, मूळ रंग पुन्हा उचलायचा, कडांवर उजळ रेघ ओढायची. उजेड कुठून येतोय हे शिल्पकाराने सांगितलेलंच नसतं. चांदणं आहे की वणवा, हे मी ठरवतो, आणि ते ठरवताना एकच राक्षस दोन माणसांच्या हाती दोन वेगळ्या प्रसंगांत जाऊन उभा राहतो. डोळ्याचं तंत्र तर गणपतीच्या शाळेतल्यासारखंच चिकाटीचं आहे. आधी खोबणीत गडद तपकिरी, त्यावर पांढरी आडवी रेघ, तिच्यात उभा काळा ठिपका, आणि मग चुकलेलं सगळं कातडीच्या रंगाने वरून-खालून कापत आणायचं. नवशिका यासाठी सर्वांत बारीक ब्रश घेतो, आणि त्याच्या टोकावरचा रंग आकृतीपर्यंत पोचायच्या आधीच सुकतो. पोट भरलेला पण टोक शाबूत असलेला एक नंबरचा ब्रश लागतो.

हवाही या कामात लुडबुड करते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात आषाढात डब्यातून अस्तराचा फवारा मारला, तर हवेतली ओल त्यात शिरते आणि आकृतीवर रवाळ, पांढुरकी साय धरते. अशा दिवसांत अस्तर ब्रशनेच द्यावं. याच दमटपणाचा फायदाही आहे. रंग हळू सुकतो, त्यामुळे दोन छटा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळता येतात. लंडनमधल्या माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकात हे सापडणार नाही.

सामानाचं म्हणाल तर परदेशी छंद म्हणून जो खर्चाचा बागुलबुवा उभा केला जातो, तो अर्धाच खरा. आकृत्या महाग, हे कबूल. बाकीचं गावात मिळतं. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरुवात केलेल्या कॅमलिनचे अॅक्रिलिक रंग शाळेच्या दप्तराच्या दुकानात असतात. ते कॅनव्हाससाठी केलेले, म्हणून पाणी घालून तीन-चार पातळ हात द्यावे लागतात, एवढंच. तोडलेला हात जोडताना बारीक भोक पाडून तांब्याची तार घालायची आणि फेविक्विकचा थेंब. नवं अंग घडवायला नळ गळतो तेव्हा लावतात ते एम-सील. त्यात कापडाच्या बारीक चुण्या नीट उठत नाहीत, पण दाढी, जटा, झाडाची मुळं, चिखल, हे झकास होतं. आणि काटकसरीने वस्तू वळवून घेणं हे या छंदाच्या उगमापाशीच आहे. ऐंशीच्या दशकात गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा कसा करायचा ते छापून आलं होतं. त्या कंपनीचे माजी चित्रकार जॉन ब्लांश तर तयार आकृत्या तोडून-जोडून ओळखू न येण्याइतक्या बदलण्यासाठीच या वर्तुळात प्रसिद्ध आहेत. साचा विकणाऱ्यांनीच साचा मोडायला शिकवलं, त्यामुळे ‘गोष्ट कंपनीची’ हा मुद्दाही फार ताणता येत नाही.

युद्धाची गोडी लागते, हा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात १९१३ साली मांडले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरं, हेच शेवटी सांगितलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं ते काही शिशाच्या सैनिकांमुळे नाही.

याहून टोकदार प्रश्न म्हणजे राक्षस कशाला, मावळे रंगवा ना. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर मावळे बसतात, ती आपलीच मिनिएचर्स आहेत. खरंच आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण मावळ्याशी मनाला येईल ते करता येत नाही. पागोटं कसं, अंगरखा कोणता, तलवार कुठल्या घाटाची, याला पुरावा लागतो आणि लागलाच पाहिजे. महाराजांच्या मूर्तीचं कन्व्हर्जन करण्याचा विचारही कुणी करणार नाही. मुलं मात्र हा नियम कधीच पाळत नाहीत. त्यांच्या किल्ल्यावर बुरुजाशी मावळा, पायथ्याला सिंह आणि मधेच एखादा बंदूकधारी प्लास्टिकचा जवान सुखाने नांदतो. कल्पनेला जागा हवी असते ती अशी, आणि मोठ्या माणसाला ती इतिहासात मागून मिळत नाही. ती दंतकथेत मिळते, आणि दंतकथा काही एकट्या युरोपची नाही. जादूगाराची परदेशी आकृती घ्या. पायघोळ झगा, उंच निमुळती टोपी, छातीवर दाढी. झगा काळा करा, चेहरा काळ्या मुखवट्याखाली झाका, दाढी एम-सीलने वाढवून पांढरी करा, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधा, की शिमग्यातला संकासुर तयार. तो नाचता वाटावा म्हणून एक गुडघा कापून वाकवावा लागतो. सगळ्या कामात वेळ खाणारी गोष्ट तीच.

इथे गावाकडून येणारा आक्षेप मी मानतो, निदान अर्धा. देवाधर्माच्या गोष्टी खेळात आणू नयेत, असं म्हणणाऱ्याला संकासुराच्या बाबतीत माझं उत्तर आहे. ते सोंग आहे, माणूस ते चढवतो आणि उतरवतो, पोरं त्याला चिडवतात आणि तोही पोरांच्या मागे धावतो. पालखीत लागतात ती देवाची रूपं मात्र वेगळी. त्यांची नक्कल मी करत नाही, कुणी मागितली तरी नाही. वेताळाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलता येतं. कोकणात तो कुठे गावाचा राखणदार म्हणून पूजला जातो, आणि वेताळपंचविशीत तो विक्रम राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा आहे. पंचविशीतला करायला हरकत नसावी. पण मग त्याच्या खाली चालणारा विक्रमही हवा, पाठीवर ओझं असल्यासारखा पुढे झुकलेला, आणि तशी बैठक कुठल्याच तयार आकृतीत मिळत नसल्याने दोन किट फोडावी लागणार.