ओढा वरच्या गावाहून येतो

बालाघाटाच्या डोंगररांगेतील एका लहानशा खेड्याने, माझ्या नोकरीच्या उमेदीच्या काळात, सलग दोन पावसाळे कष्ट उपसून आपले संपूर्ण शिवार गाजरगवतापासून मुक्त केले होते. गावठाण, गायरान, शाळेचे पटांगण, गाडीवाटांच्या कडा, इतकेच नव्हे तर स्मशानभूमीचा उतारही त्या मंडळींनी फुले धरण्यापूर्वी उपटून स्वच्छ केला होता. तिसऱ्या वर्षी श्रावणात मी तेथे गेलो, तेव्हा पुराचे पाणी जेथवर चढले होते नेमक्या त्याच रेषेने ओढ्याच्या दोन्ही काठांवर कोवळ्या रोपांची दाट पट्टी उगवलेली होती. "साहेब, आमच्या शिवारात आम्ही काडी ठेवली नाही," एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, "पण ओढा वरच्या गावाहून येतो, त्याला कसं अडवायचं?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही, आणि पुढे तणे व पिकांचे रोग यांविषयी जे काही मी शिकलो ते त्या प्रश्नाच्या अनुषंगानेच शिकलो.

मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशात मूळ असलेली ही वनस्पती १९५५ च्या सुमारास पुण्यात अभ्यासकांच्या नजरेस आली, आणि परदेशांतून आलेल्या गव्हाबरोबर ती येथे पोहोचली असावी असे सामान्यतः मानले जाते. दक्षिण-पूर्व आशिया व पॅसिफिक या प्रदेशांतील राष्ट्रांचा वनस्पतिसंरक्षणविषयक करार अमलात आला तो १९५६ साली; म्हणजे सरहद्दींवरील बंदोबस्ताची सामुदायिक तजवीज होण्यापूर्वीच हे तण आपल्या मातीत रुजलेले होते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलणारे, एकेका झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया देणारे, आणि मुरुमाच्या गाड्या, शेणखत, चाकांचा चिखल व वाहते पाणी अशा मिळेल त्या वाहनाने पसरणारे हे गवत उघड्या हातांनी उपटणाऱ्या किती स्त्रियांच्या कातडीवर मी असह्य खाजेचे चट्टे पाहिले आहेत, त्याची गणती नाही.

परंतु तणाचा उपद्रव तणापुरताच राहतो, हा आपला समज किती अपुरा आहे, हे आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्याने २००० साली दाखवून दिले. त्या वर्षीच्या खरिपात भुईमुगाची रोपे शेंड्यापासून करपून मरू लागली; प्रारंभी तो परिचित असा कळीकूज विषाणू असावा असे वाटले, पण पटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील तपासणीत तो तंबाखूवरील रेषा-विषाणू निघाला. सुमारे सव्वादोन लाख हेक्टरांवरील पीक त्याने ग्रासले आणि तीनशे कोटी रुपयांहून अधिक हानी झाली. हा विषाणू गाजरगवताच्या देहात कोणतेही बाह्य लक्षण न दाखविता राहतो. त्याच्या परागकणांतून तो बाहेर पडतो, ते पराग अंगावर घेऊन फुलकिडे पिकावर जातात, आणि त्यांनी पानाला केलेल्या सूक्ष्म जखमेतून परागातील विषाणू रोपात शिरतो. बांधावरचे दिसायला निरोगी झाड आणि शेतात करपलेले रोप यांचा असा संबंध असल्यामुळे, ज्याने आपले रान निंदून ठेवले पण ज्याच्या शेजाऱ्याने पडीक जमीन तशीच सोडली, त्याचे पीकही वाचले नाही. सूर्यफुलावरील करप्याचा जो रोग १९९७ मध्ये कर्नाटकात आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला, त्याच्या मुळाशीही हाच विषाणू आहे. पेरणीपूर्वी भोवतालचे गाजरगवत काढणे आणि शेताच्या कडेने ज्वारी वा बाजरीच्या ओळी लावणे, हे उपाय साधेच आहेत. पण एकट्याने केले तर त्यांचे फळ तुटपुंजे मिळते.

एकमेकांच्या अनुभवाचा लाभ घेतला म्हणजे काय साधते, याचा दाखला जुना आहे. फड्या निवडुंगाने दख्खनची राने अडविली होती, तेव्हा अमेरिकेतील कोचिनील कीटक ऑस्ट्रेलियातून १९२४ साली सिलोनात आणि तेथून १९२६ साली भारतात आणला गेला, आणि पाच-सहा वर्षांत दक्षिणेतील निवडुंगाची बने कोसळली. गाजरगवतासाठीही १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला भुंगे आणले गेले. ते पावसाळ्यात पाने कुरतडतात व कोरड्या दिवसांत मातीत निद्रिस्त राहतात. ते सूर्यफुलावर दिसल्याने मध्यंतरी मोठी भीती निर्माण झाली. ती चौकशीअंती निराधार ठरली, परंतु त्यात गेलेला वेळ परत आला नाही. भुंगे उपयोगी आहेत, पण निवडुंगासारखा निकाल त्यांच्याकडून अद्याप लागलेला नाही, हेही मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

मुंबई इलाख्याने १९४७ साली पिकांवरील कीड-रोगांचा कायदा केला. कर्नाटकाने १९७५ साली आपल्या कायद्यान्वये गाजरगवताला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. अशा कायद्यांनी कब्जेदाराला उपाय करणे भाग पाडता येते, पण त्यांचा अंमल राज्याच्या हद्दीपाशी थांबतो, आणि भीमा, मांजरा व कृष्णा यांचे पाणी तेथे थांबत नाही. म्हणून मोहिमेचा घटक पाणलोट असावा, आणि उगमाकडील गावापासून खाली, एका ठरलेल्या आठवड्यात, राज्यांच्या सीमा ओलांडून ती चालावी, असे माझे ठाम मत आहे. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्याच्याही आधी, मृगाची रोपे फुलण्यापूर्वी, आपल्या ग्रामसभेने ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावाला एक पत्र लिहावे आणि उपटणीची तारीख दोन्ही गावांनी मिळून ठरवावी, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे.