आलोच आहोत तर…

बोरघाटात तीस वर्षे मोटार हाकलेल्या माणसाला गाडी कशी चालवावी हे कोणी शिकवू नये, असे माझे फार दिवसांचे मत होते. भर आषाढात, खंडाळ्याच्या धुक्यातून, पुढच्या ट्रकचा तांबडा दिवा तेवढा दिसत असताना मी सहकुटुंब पुण्याहून दादर गाठले आहे. सौभाग्यवती त्या वेळी शेजारी बसून रामरक्षा म्हणत असत. पण तो त्यांचा स्वभाव. हे मत मी काही वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे घेऊन गेलो आणि तेथे ते एका रिकाम्या पटांगणात, भर दुपारी, दहा सेकंदांत घसरून पडले. त्याचीच ही हकिकत.

आमचा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या गावी असतो. गाव सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे. सरोवर म्हटल्यावर वाचकांनी रंकाळा डोळ्यांपुढे आणू नये. याचा पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या उठतात आणि लोखंडाचे खनिज नेणारी हजार हजार फूट लांबीची जहाजे बंदरात ये-जा करतात. गाव काठापासून टेकडीवर सात-आठशे फूट चढत गेलेले, त्यामुळे कित्येक रस्ते भिंतीला शिडी लावावी तसे उभे. आणि त्यावर हिम! १९९१ साली ऑक्टोबर सरता सरता आलेल्या एका वादळात तेथे जवळजवळ ३७ इंच हिम पडले. आपल्या घरी चकल्यांची भाजणी दळून येत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट.

पुतण्याकडे पिकअप ट्रक आहे. पुढे मोटारीसारखी बसायची जागा, मागे उघडा हौदा. आपल्याकडच्या टेंपोचा श्रीमंत चुलतभाऊच म्हणा. त्या हौद्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर वाळूची सहा पोती पट्ट्यांनी आवळून बांधलेली मी पाहिली.

"काय रे, घराचं बांधकाम काढलंस की काय?" मी विचारले.

"नाही काका, ही पोती आता उन्हाळा लागेपर्यंत तिथंच राहायची," तो म्हणाला.

त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. पिकअपचे इंजिन पुढे, म्हणजे वजन पुढे. एरवी जोर लावतात ती मागची चाके. हौदा रिकामा असला की मागचे अंग हलके राहते. मग चाके जागच्या जागी भिरभिरतात, नाहीतर वळणावर गाडीची शेपटी पुढच्या अंगाला मागे टाकू पाहते. वाळूने मागची चाके जमिनीला चिकटतात. पोती बांधायची अशासाठी, की गाडी एकदम थांबली तर त्यांनी पुढे येऊन आपल्या पाठीत बसू नये. शिवाय गाडी रुतलीच, तर एक पोते फोडून वाळू चाकांखाली टाकता येते.

"पण तुझ्या गाडीला चारही चाकांचा जोर आहे ना? मग भीती कसली?" मी आपले ज्ञान दाखवले.

तो हसला. "काका, चार चाकांचा जोर निघण्यासाठी. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात!"

दुसऱ्या दिवशी रविवारी त्याने मला एका बंद दुकानापुढच्या मोठ्या, मोकळ्या पटांगणात नेले आणि चक्र माझ्या हाती दिले. ताशी वीस मैल वेग येताच तो म्हणाला, "आता ब्रेक!" मी घाटातल्या सवयीने पाय दाबला. पायाखालची पट्टी थरथरू लागली, खालून खडखड आवाज आला. काहीतरी मोडले असे वाटून मी पाय उचलला आणि चक्र गर्रकन फिरवले. चाके वळली, गाडी वळली नाही. ती शांतपणे सरळ जात राहिली आणि कडेला रचलेल्या हिमाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. मला राग आला असता, पण कोणावर काढावा हे कळेना.

"थरथर म्हणजे ब्रेक आपलं काम करतोय," पुतण्या म्हणाला. "घाबरून पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा. चाकांचं फिरणं थांबलं की वळणंही थांबतं, म्हणून ते यंत्र ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा सोडतं आणि धरतं. आता पुन्हा."

तासभर पुन्हा पुन्हा केले. शेपटी घसरली तर काय करायचे तेही शिकलो. पेट्रोलवरचा पाय काढायचा, ब्रेकला हात— म्हणजे पाय— लावायचा नाही, जिकडे जायचे तिकडे नजर ठेवायची आणि चक्र हळुवार तिकडेच न्यायचे. ज्या खांबाकडे आपण भिऊन पाहतो त्याच खांबावर गाडी जाते. एकूण साऱ्या विद्येचे सार एवढेच, की शेजारी आजी मांडीवर ताकाचे भरलेले भांडे घेऊन बसली आहे असे समजून गाडी चालवावी. निघणे, वळणे, थांबणे, काहीच झटक्याने करू नये. पुढच्या गाडीपासून एरवी तीन सेकंदांचे अंतर ठेवत असाल, तर येथे आठ-दहा ठेवावे. टायरही थंडीचे वेगळे असतात. नेहमीचे रबर गारठ्यात ताठ होते. त्यांचे मऊ राहते आणि रस्ता धरून ठेवते.

आता त्या दिव्याची गोष्ट. डुलुथहून ६१ क्रमांकाचा रस्ता सरोवराच्या काठाने ईशान्येला कॅनडाच्या हद्दीपर्यंत जातो. वाटेत उंच कड्यावर स्प्लिट रॉक नावाचे दीपगृह आहे. १९०५ च्या नोव्हेंबरातील वादळात या सरोवरावर अनेक जहाजांची वाताहत झाली, तेव्हा ते बांधायचे ठरले आणि १९१० साली तेथे दिवा लागला. १९६९ साली त्याचे काम संपले. मात्र १० नोव्हेंबर १९७५ रोजी 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे ७२९ फुटी जहाज २९ माणसांसह याच सरोवरात बुडाले आणि आता दरवर्षी त्या तारखेला त्यांची नावे वाचतात, घंटा वाजवतात आणि तो विझलेला दिवा पुन्हा लावतात. दिवाळीत आकाशदिवा लावणाऱ्या माणसाला हे पाहावेसे न वाटले तरच नवल. १० नोव्हेंबरला दुपारी आम्ही दोघे निघालो. सौभाग्यवती थंडीमुळे घरी राहिल्या.

सीटखाली घोंगड्या, फावडे, डब्यात मेणबत्ती, काडेपेटी आणि चिवडा होता. हिमवादळात अडकलात तर गाडी सोडून चालू लागायचे नाही. इंजिन तासातून दहाएक मिनिटेच चालवायचे, तेही आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचे हिम काढून आणि खिडकीची फट ठेवून. नाहीतर धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो.

टू हार्बर्स गाव मागे पडले. बारीक पाऊस सुरू झाला. पारा शून्याच्या आसपास होता. मला बरे वाटले, म्हटले, निदान कडाक्याची थंडी तरी नाही! पुतण्या मात्र गप्प झाला.

"काका, उणे वीसपेक्षा हे वाईट. शून्याजवळच्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. त्याच्याइतकं निसरडं दुसरं काही नाही. पुढची गाडी बघा. रस्ता ओला दिसतोय, पण चाकांतून पाणी उडेनासं झालंय."

खरेच उडत नव्हते. डांबर काळेभोर चमकत होते. ते पाणी नव्हते, काचेसारखा बर्फ होता. इतक्यात एक नवाकोरा पिकअप आम्हाला मागे टाकून भुर्रकन पुढे गेला. त्याचा हौदा रिकामा होता.

गूसबेरी नदीच्या पुलावर आमची शेपटी वीतभर सरकली. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. पुतण्याने पाय काढला, चक्र हलकेच धरले. गाडी सरळ झाली. माझ्या तोंडून मात्र नकळत 'श्रीराम' निघून गेले. पूल ओलांडल्यावर तो मघाचा पिकअप खड्ड्यात आडवा दिसला. आत एक तरुण पोरगा होता, पांढराफटक, पण धडधाकट. त्याला आम्ही आमच्या गाडीत घेतले, पोलिसांना फोन केला आणि जवळच्या वाहनतळावर जाऊन थांबलो.

दीपगृह सहा-सात मैलांवर राहिले होते. मी म्हणालो, "अरे, आता आलोच आहोत तर…"

वाचकहो, हे तीन शब्द आपल्या घाटात किती माणसांना दरीत घेऊन गेले असतील, हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, तो दिवा ज्यांच्यासाठी लावतात, त्यांना परत फिरायला रस्ता नव्हता. आपल्याला आहे."

त्यावर मी काय बोलणार?

तासाभराने मीठ पसरणारा केशरी नांगर-ट्रक आला. २०२१ पासून हे राज्य दरवर्षी लोकांची मते घेऊन अशा काही ट्रकांना गमतीची नावे देते. आपल्या ट्रकवरच्या 'आईचा आशीर्वाद'चीच ही तऱ्हा. त्या संध्याकाळी तो आशीर्वाद मागे दीडशे पावले ठेवून, ताशी पंचवीस मैलांनी आम्ही परतलो. कड्यावरचा दिवा तेवढ्यात लागून विझलाही असेल.

टेकडीवर घराशी वळलो तो ओसरीत आकाशकंदील दिसला. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरवायचा नाही, हा सौभाग्यवतींचा नियम. त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"पाहिलात दिवा?" त्यांनी विचारले.

"पाहिला," मी म्हणालो.

अजूनही आम्ही घाटातून जातो. फार पाऊस असला तर लोणावळ्याला थांबतो, चहा घेतो, वेळ पडली तर माघारी फिरतो. सौभाग्यवती रामरक्षा म्हणतातच. आता मी मनातल्या मनात साथ करतो.