कॅमेऱ्यांना त्यांची वेगळी वाट द्या

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात कॅमेरे बसवणाऱ्याला पावसाळ्यात येणाऱ्या फोनवर तक्रार बहुधा एकच असते : "मुंबयसून झिल फोन करता, क्यामेरो दिसणा नाय." जाऊन बघावं तर कॅमेरा धडधाकट. अडलेलं असतं ते कोपऱ्यातल्या वायफायच्या डब्यात.

केबलच्या इंटरनेटला मोडेम आणि राऊटर एकाच खोक्यात मिळतात; फायबरला मोडेमच्या जागी ओएनटी असतं. घरातले मोबाइल आणि टीव्ही चालवायला हा डबा उत्तम. पण कॅमेऱ्यांचं सगळं जाळं त्याच्याच वायफायवर टांगू नये, हे माझं ठाम मत आहे.

मोबाइल कामापुरता वायफाय वापरतो, कॅमेरा चोवीस तास चित्र पाठवत राहतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ पद्धतीत सेकंदाला साधारण २ मेगाबिट घेतो. चार कॅमेरे म्हणजे ८ मेगाबिट, तेही बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजलेल्या पट्ट्यावर. त्यात आपल्या भिंती जाड चिऱ्याच्या, आणि भिजलेला चिरा लहरी जास्तच खातो. पडवीतला कॅमेरा दिसतो, मांगराकडचा दिसत नाही.

म्हणून तार ओढावी. पीओई स्विचवरून एकाच कॅट-६ तारेतून वीजही जाते आणि चित्रही येतं, १०० मीटरपर्यंत. चित्रं साठवणारा एनव्हीआर याच स्विचला जोडायचा आणि तिथून डब्याकडे फक्त एक तार न्यायची. मग इंटरनेट गेलं तर मुंबईतून दिसणार नाही एवढंच. घरातलं रेकॉर्डिंग चालू राहतं. चार कॅमेऱ्यांचं दिवसाला साधारण ८६ जीबी होतं, १ टीबीच्या हार्डडिस्कमध्ये अकराएक दिवस मावतात. वीज मात्र सगळ्यांनाच लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात खांब आडवे झाले, तशा वेळी कुठलीच यंत्रणा तग धरत नाही. पण रोजच्या ये-जा करणाऱ्या विजेसाठी स्विच, एनव्हीआर आणि डबा तिघांनाही यूपीएस हवाच.

खाऱ्या वाऱ्याचा मार प्रत्यक्ष बघायचा असेल तर समुद्राकडच्या कॅमेऱ्याचा आरजे-४५ जोड उघडा. आठ बारीक पात्यांवर हिरवट थर चढलेला असतो. एखादं पातं टोकाशी खाल्लं जाऊन काळं पडलेलं असतं. जोड बंद खोक्यात ठेवावा, तोंड खाली करावं, आणि तार शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण या हवेत टिकत नाही. फाटकापर्यंत लांब जायचं असेल तर मी फायबर टाकतो, कारण काचेतून विजेचा झटका घरात येत नाही.

निवास-न्याहारीवाल्यांनी तर जास्तच जपावं. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड देता, तेव्हा कॅमेरेही त्याच जाळ्यात असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातकी प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. पाहुण्यांसाठी डब्यातलं गेस्ट नेटवर्क सुरू करा, किंवा सरळ दुसरा राऊटर लावा.

दिवाळीला गावचं घर उघडाल तेव्हा दोन गोष्टी कराच : कॅमेऱ्यांचा आणि डब्याचा पासवर्ड बदला, आणि एनव्हीआरवर आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावून बघा.