पाटीवरचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या त्या पेढीवर रोज सकाळी दाराशी काळी पाटी लागते. आप्पा स्वतःच्या हाताने तीवर भाव लिहितात : हळद, गूळ, बेदाणा. या पाटीची एक प्रत इंटरनेटवर असावी, अशी थोरल्या मुलीची इच्छा. नोकरीतून दोन वर्षांची उसंत घेऊन ती घरी आली होती. बाजारातील तयार साधन न घेता तिने साध्या नोटपॅडमध्ये हाताने पाने लिहायला घेतली.

एचटीएमएल म्हणजे काय, हे आप्पांना समजायला वेळ लागला नाही. मजकुराच्या आधी एक खूण, नंतर एक खूण; हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता. दुव्याची कल्पना तर त्यांना घरचीच वाटली. खतावणीतल्या नोंदीसमोर रोजकीर्दीचे पान लिहिलेले असते, तसेच हे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत ही योजना मांडली, तिच्या मुळाशी तक्रारही ओळखीची होती : माणसे येतात, जातात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. मुनीम सोडून गेल्यावर पेढीचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यावर अधिक सांगायला नको.

गुंता पुढे होता. पानावर २३५ लिहिले तर वाचणाऱ्याला तो भाव आहे हे कळते. यंत्राला तो वजन की पोत्यांची संख्या, हे उमगत नाही. पूर्वी यासाठी पानाच्या माथ्यावर अदृश्य शब्द लिहिण्याची सोय होती. विक्रेत्यांनी तिथे खरेखोटे इतके शब्द कोंबले की शोधयंत्रांचा त्यावरचा विश्वास उडाला. आपण ते शब्द क्रम ठरवताना विचारातच घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये उघड सांगितले. दोष यंत्राचा नव्हता, व्यापाऱ्यांचाच होता. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक शब्दावली आणली : ही वस्तू, हा तिचा भाव, हे चलन, माल शिल्लक आहे की नाही. मुलीने प्रत्येक पानाच्या पोटात जेसन-एलडी पद्धतीने ही माहिती लिहिली. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, यंत्राला दिसते. काही दिवसांत शोधाच्या निकालात पेढीच्या हळदीखाली भाव झळकू लागला. घरात पेढा वाटला गेला.

पुढे हळद चढली. पानावरचा भाव १९० वरून २३५ झाला. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका किराणा व्यापाऱ्याची दोन क्विंटलची मागणी आली, १९० च्या भावाने, सोबत शोधाच्या निकालाचे छायाचित्र. मुलीला प्रथम वाटले, शोधयंत्राने जुनी प्रत दाखवली असेल. तिने पानाचा मूळ मजकूर उघडला. दर्शनी आकडा बदलला होता. पोटातला तसाच राहिला होता. तपासणीचे साधन तर त्या पानाला रोज निर्दोष ठरवीत होते. ते लिखाणाचे व्याकरण पाहते. आकडा खरा की खोटा, हे ते कसे सांगणार?

फरक नऊ हजारांचा. काका चिडले. “पडद्यावरचा आकडा म्हणजे काय दस्तऐवज आहे? आपल्या पानावर २३५ स्वच्छ लिहिले आहेत.”

आप्पांनी मुलीला विचारले, “बाळ, तो आतला आकडा कुणी लिहिला?”

“मीच, आप्पा.”

“मग माल १९० नेच जाईल.”

त्यावर चर्चा झाली नाही. नऊ हजार आप्पांनी स्वतःच्या खाती नावे टाकले, मुलीच्या नव्हे. तिला तेच अधिक लागले.

त्या रात्री तिने एक लहानसे साधन लिहिले. ब्राउझरमध्ये आवडत्या पानांची खूण ठेवतो, तिथे पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची एक ओळ ठेवता येते; याला बुकमार्कलेट म्हणतात. खुणेवर टिचकी मारली की ती ओळ समोरच्या पानावर चालते. तिच्या ओळीने पोटातला भाव आणि दर्शनी भाव शेजारी मांडले. जुळले नाहीत तर तांबड्या रंगात. पहिल्याच फेरीत गूळही तांबडा निघाला.

पण दोन ठिकाणी लिहून मग ताळा पाहण्यापेक्षा एकदाच का लिहू नये? मायक्रोडेटा पद्धतीत दर्शनी आकड्यालाच खूण लावता येते. अडचण आली ती अंकांची. त्या शब्दावलीत भाव इंग्रजी अंकांतच लिहायचा असतो आणि आप्पांना पान देवनागरी अंकांतच हवे होते. अंक बदलून दोनदा लिहिले की पुन्हा दोन नोंदी! अखेर तिने मूळ आकडा खुणेत एकदाच ठेवला आणि देवनागरी रूप त्यातूनच उमटेल अशा चार ओळी पानाला जोडल्या.

“आता दोन आकडेच नाहीत, तर तुझे ते बटण काय जुळवणार?” आप्पांनी विचारले.

तिने पाटीकडे बोट दाखवले. “ती त्याला वाचता येत नाही.”

तेव्हापासून सकाळी पाटी लागली की आप्पा दारात उभे राहून भाव मोठ्याने वाचतात आणि ती आत पडद्यावर एकेक ओळ पाहून “हो” म्हणते. बेदाण्याला परवा ती थांबली. आप्पांनी चष्मा पुसला, खडू उचलला आणि पाटीवरचा सात पुसून एक केला.