लेबलावरची बारीक अक्षरं

बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढणं हा माझा व्यवसाय. डिस्क हातात आली की मोठ्या अक्षरांतलं '१ टीबी' मी शेवटी बघतो. आधी बघायची ती बारीक अक्षरं. मॉडेल नंबर सारखा म्हणजे डिस्क सारखी, या समजुतीपायी वाचू शकला असता असा कितीतरी डेटा गेलेला मी पाहिलाय.

वेस्टर्न डिजिटलची ब्लू मालिकेतली 'डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स' घ्या. वर्षानुवर्षं ती ऑफिसांतल्या डेस्कटॉपमध्ये बसतेय. या नावापुढे एक आडवी रेघ आणि आणखी सात अक्षरं-आकडे असतात. कुठे '००बीएन५ए०', कुठे '७५एम२एनए०'. पहिले दोन आकडे गिऱ्हाइकाचे: ०० म्हणजे खुला बाजार, ७५ म्हणजे डेलसाठी बनवलेला माल. खरी ओळख पुढच्या अक्षरांत, कारण आतली रचना बदलली की ती बदलतात. त्याखाली 'डीसीएम' हा कोड. हेड (डेटा वाचणारी-लिहिणारी टोकं) आणि प्लॅटर (डेटा साठवणाऱ्या चकत्या) कोणत्या प्रकारचे, हे त्यावरून ताडता येतं. निकामी हेड बदलायला दुसऱ्या डिस्कचे हेड लागतात. त्या डिस्कला आम्ही डोनर म्हणतो आणि तिचा डीसीएम जुळवल्याशिवाय झाकण उघडत नाही.

आता डिस्क उलटी करा. बोर्डवर २०६० ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो, शेवटी 'रेव्ह' आणि एखादं अक्षर. मार्केट यार्डातल्या एका अडत्याची डिस्क आली, तेव्हा हा नंबर तंतोतंत जुळत होता. व्होल्टेज वाढून जुना बोर्ड जळला होता, म्हणून कुणीतरी तसाच दुसरा बसवून दिला होता. मोटर फिरायची, हेड टकटक करून थांबायचे.

"जुना बोर्ड कुठंय?" मी विचारलं.

"तो भंगारात गेला की, साहेब."

त्या बोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप होती, रॉम. कारखान्यात प्रत्येक डिस्कचे हेड तपासून त्यांची मापं तीत भरतात, आणि ती मापं फक्त त्याच डिस्कची असतात. बोर्ड बदलताना ही चिप जुन्यावरून काढून नव्यावर डकवावी लागते. कित्येक वर्षांचा टॅली डेटा प्लॅटरवर शाबूत होता, पण तिथवर पोचायची मापं भंगारात गेली होती.

फर्मवेअरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा, नंबरही असाच. सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या 'एसडी१५' फर्मवेअरच्या डिस्क अचानक संगणकाला दिसेनाशा होत. जानेवारी २००९ मध्ये हे प्रकरण गाजलं आणि कंपनीने नवं फर्मवेअर दिलं. अशा डिस्कमध्ये हेड धड, प्लॅटर धड. दोष केवळ प्रोग्रॅममध्ये. लेबल न वाचता झाकण उघडणारा माणूस तिथे धडधाकट डिस्कची वाट लावतो.

मला सर्वात जास्त चीड आली ती वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेची. 'डब्ल्यूडी६०ईएफआरएक्स' ची जागा 'डब्ल्यूडी६०ईएफएएक्स' ने घेतली. एकच अक्षर बदललं, पण आतली लिहिण्याची पद्धत बदलली. नव्या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले, त्यामुळे एक पुन्हा लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात. अनेक डिस्क जोडून केलेल्या संचातली (RAID) एक डिस्क बदलून डेटा पुन्हा भरताना अशी डिस्क फार रेंगाळते, कधी संच तिला बाहेरच काढून टाकतो. कंपनीने हे एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं, आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कना पुढे 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. पण लिहिण्याची पद्धत लेबलावर टीबीच्या आकड्याशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवी. घेणाऱ्याचा तो हक्क आहे.