रवी धरणारा हात

त्या घरात संगणक आला तो २०२०च्या मार्च महिन्यात, आणि आला तो पाहुणा म्हणून. टाळेबंदी लागली, वर्ग बंद झाले, आणि दिल्लीत मराठी शिकवणाऱ्या त्या गृहस्थाला घरी बसूनच तास घेणे भाग पडले. स्वयंपाकघर आणि सज्जा यांच्यामधल्या खोलीत एक टेबल मांडले गेले, भिंतीतून तार आली, तिच्या टोकाशी पडदा उजळला. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले. टेबल मात्र हलले नाही. त्यावर आता एका मराठी-हिंदी शब्दकोशाच्या सुधारित आवृत्तीचे काम येऊन बसले होते, आणि शब्दकोशाचे काम एकदा बसले म्हणजे उठत नाही, हे त्या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे. थोरली मुलगी टाळेबंदीच्या वेळी पाळण्यात होती. धाकटा त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला. त्याच्या दृष्टीने पाहिले तर ते टेबल घरात त्याच्याहून वडील होते, आणि त्याचा मानही तसाच राखला जात होता.

पत्नी बँकेत. सकाळी नऊला जाई, साडेसातला परत येई. मुलांना सांभाळणारी बाई पूर्व उत्तर प्रदेशातली. मायाळू, आणि हिंदी बोलणारी, तीही भोजपुरी वळणाची. जिन्यात, बागेत, शेजारी, सगळीकडे हिंदीच. तेव्हा मुलांच्या कानी मराठी पडायची ती दिवसभर घरात असणाऱ्या बापाच्याच तोंडून. आणि बाप मराठी बोलत होता; पुष्कळ बोलत होता. वर्ग भरू लागल्यानंतरही त्याचे निम्मे तास आणि कोशमंडळाच्या बैठका पडद्यावरच होत. वाक्प्रचारांचे मूळ तो उलगडून दाखवी, नोंदींवर वाद घाली, हसे, रागावे. एवढी सकस मराठी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून हल्ली ऐकू येत नसेल. फक्त ती मुलांना उद्देशून नव्हती. मुलांच्या वाट्याला त्या बोलण्याची पाठ आली होती.

या पाठमोऱ्या भाषेचे मोल काय, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होते. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या अर्भकांना हिंदीतले दंत्य आणि मूर्धन्य वर्ण, म्हणजे आपले त आणि ट, ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना हा भेद जाणवे. वर्षाच्या आतबाहेर बहुतेकांच्या कानातून तो पुसला गेलेला असे. पुढे २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांपुढे चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, त्यांच्याशी खेळली, पुस्तके दाखवत बोलली. अशा बारा बैठका झाल्या आणि त्या बाळांना चिनी वर्णांतला भेद कळू लागला. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तेच बोलणे, पडद्यावरून दाखवले किंवा नुसते ऐकवले. त्यांना काहीच आले नाही. जणू चिनी भाषा त्यांच्या कानावर कधी पडलीच नव्हती. हा प्रयोग तो दरवर्षी वर्गात सांगत असे. एकदा तो सांगत असताना धाकटा त्याच्या खुर्चीचा पाय धरून उभा होता, आणि त्याला पायाने अलगद बाजूला सारून त्याने वाक्य पुरे केले होते.

विद्वत्तेचा आणि वर्तनाचा असा काडीमोड नवा नाही. पण घरात तो पाहणारे डोळे तीन वर्षांचे असतात तेव्हा गोष्ट वेगळी होते.

मग एका दुपारी ते घडले. कोशाचे काम त्या आठवड्यात ब या अक्षरावर होते. बाळ, बाळकडू, बाळगुटी, बाळबोध, बाळलेणे अशी एकामागून एक शब्दांची मालिका तो तपासत होता, आणि बाळगुटीत कोणकोणत्या मुळ्या उगाळतात याची खातरजमा करण्यात गढला होता. धाकटा केव्हा मांडीपाशी आला हे त्याला कळले नाही. त्याने दोन्ही तळहात कळफलकावर जोराने आपटले, एकदा, दोनदा, आणि कुठली कळ कशी दाबली गेली कोण जाणे, सकाळपासूनच्या नोंदी नाहीशा झाल्या. बापाचा हात उगारला गेला. पडला नाही, पण उगारला गेला, आणि त्याच्या सावलीत मुलाचा चेहरा जसा झाला तो त्याने नीट पाहिला. बऱ्याच दिवसांत इतका नीट पाहिलेला तो पहिलाच चेहरा असावा.

भागवताच्या दशमस्कंधातला नववा अध्याय आपल्याकडे पुष्कळदा वाचला जातो, पण तो घरकामाच्या बाजूने क्वचित वाचला जातो. दासी इतर कामांत गुंतलेल्या, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळते आहे. घुसळताना ती गाते आहे, आणि गाते आहे ती त्या मुलाच्याच लीला. तो भुकेला होऊन येतो आणि रवी धरतो. ती त्याला मांडीवर घेते, पाजते, त्याच्या तोंडाकडे पाहत राहते. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते आणि ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. मागे मुलगा दगड घेऊन दह्याचे भांडे फोडतो. पुढे ती छडी घेऊन मागे लागते. मूल भ्यालेले पाहून छडी टाकते. बांधू लागते तर दोरी दोन बोटे कमी पडते. टीकाकारांनी त्या दोन बोटांचे तत्त्वज्ञान सांगितले आहे आणि ते थोर आहे. परंतु कामात असलेल्या बापाने हा अध्याय वाचला तर त्याचे बोट वेगळ्याच जागी थांबेल. मुलावरचे गाणे गाताना तिला मूल आलेले दिसले नव्हते. रवी थांबली तेव्हा कळले. आणि दूध खरोखरच उतू जात होते. तिचे धावणे खोटे नव्हते.

जुन्या घरांत आईबाप मुलांपाशी अधिक होते असे म्हणायची एक रीत आहे. ती तपासून घेतलेली बरी. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला मुलाकडे पाहायला सवड होती असे तिच्या ओव्या सांगत नाहीत. मूल मांडीवर झोपले तर झोपले, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर गेले. शेतावर झाडाला बांधलेल्या झोळीत कितीतरी पिढ्या वाढल्या. अंतर आहे ते दुसरीकडे. जाते, रवी, माग, चाक ही कामे मुलाला दिसत. त्यांचा आवाज थांबला की आई मोकळी झाली हे त्याला कळे. मुख्य म्हणजे ती हाताने धरता येत. संगणकाचे काम कुठे चालते हे मुलाला दिसत नाही. त्याला दिसतो तो बापाचा निश्चल चेहरा, आणि त्यावर पडलेला निळसर उजेड. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आईला काही मिनिटे बाळासमोर चेहरा निर्विकार ठेवून बसायला सांगितले होते. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला परत आणू पाहते; मग मान फिरवते आणि आक्रसून जाते. तो चेहरा काही मिनिटांचा होता. धाकट्याने कळफलकावर हात मारले ते यंत्र मोडायला नव्हेत. रवी कुठे आहे हे तो शोधत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पाच ते साडेसात संगणक बंद राहू लागला. नुसता झाकून किंवा झोपवून ठेवण्यात अर्थ नाही हे दोनच संध्याकाळींत ध्यानात आले. झोपवलेले यंत्र मुलांहून लवकर जागे होते. मग भिंतीतून तारच काढायची असे ठरले, आणि तार काढून वर कपाटावर ठेवायचे काम थोरलीकडे गेले. ते ती खुर्चीवर चढून विधिपूर्वक करी.

यंत्र बंद करणे सोपे होते. त्यानंतरची अडचण त्याने अपेक्षिलेली नव्हती. पहिल्या संध्याकाळी त्याने चित्रांची पुस्तके, रंग, अक्षरांचे ठोकळे असा सरंजाम मांडला. मुलांनी तो पाचच मिनिटांत उधळला आणि तिघे जिन्यात जाऊन बसले. तिथे मुंग्यांची रांग होती, ती पाऊण तास पाहिली गेली. बाप शरीराने पायरीवर होता. मनात बाळबोधची तिसरी अर्थच्छटा चालली होती. थोरली काहीतरी लांबलचक सांगत होती आणि तो मधूनमधून 'हं' म्हणत होता. ती एकदम थांबली. म्हणाली, "बाबा, तू नुसता हं म्हणतोस."

मराठीत या हंचे शास्त्र आहे. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला तर सांगणारा थांबतो, आणि हुंकार अवेळी आला तर त्याला कळते की ऐकणारा गेला. कथेकऱ्याला, कीर्तनकाराला हे कळते, तसे पाच वर्षांच्या मुलीलाही कळते. कोशात हुंकाराची नोंद करता येते. त्यातला जिवंत कोणता आणि मेलेला कोणता हे कोश सांगू शकत नाही. त्या दिवसानंतर तो हं जपून वापरू लागला. त्याऐवजी विचारी, "मग ती मुंगी कुठे गेली?" यासाठी मुंगी पाहिलेली असावी लागते.

पाहणे हे मोठे काम आहे, हे त्याच्या तमिळ शिकवणाऱ्या एका स्नेह्याने त्याला निराळ्या तऱ्हेने सांगितले. तमिळमध्ये पिळ्ळैत्तमिळ नावाचा एक काव्यप्रकार आहे. देवाला, राजाला किंवा थोर पुरुषाला मूल कल्पून त्याच्या बाळपणाचे दहा टप्पे कवी गातो : रक्षणाची प्रार्थना, रांगण्याआधीचे मान डोलावणे, अंगाई, टाळ्या, मुका मागणे, 'ये' म्हणून बोलावणे, चंद्राला खेळायला बोलावणे, मुलगा असेल तर पुढे मुलींची वाळूतली घरकुले मोडणे, छोटा ढोल आणि छोटा रथ. मुलीसाठी शेवटचे टप्पे वेगळे. सतराव्या शतकात कुमरगुरुपरर यांनी मदुरेच्या मीनाक्षीवर रचलेले पिळ्ळैत्तमिळ त्यात नावाजलेले आहे. स्नेही म्हणाला, भक्ती आणि अलंकार बाजूला ठेवा, पण या कवींनी खरी मुले खूप वेळ पाहिली असली पाहिजेत. नाहीतर नवव्या महिन्याची टाळी आणि बाराव्या महिन्याचे पाऊल यांच्यामधले अंतर कुणाच्या ध्यानात राहते? हे ऐकून बापाला काही क्षण गप्प बसावेसे वाटले. थोरलीचे पहिले पाऊल त्याने पडद्यावरच पाहिले होते. पत्नीने त्याच घरातून, पलीकडच्या खोलीतून, चित्रफीत पाठवली होती. त्याचा तास चालू होता.

या अडीच तासांची किंमत पडली, हे सांगितले नाही तर लबाडी होईल. दोन लेख मुदतीनंतर गेले. एका संस्थेने अनुवादाचे काम दुसऱ्याला दिले, आणि ते पैसे घराला हवे होते. कोशाच्या नोंदी आता रात्री नऊनंतर होतात. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळे आणि पत्नीचा अबोला या दोन्ही गोष्टी त्या हिशेबात येतात. आठवड्यातून एखादे दिवशी बैठक लांबते आणि तार भिंतीतच राहते. तेव्हा थोरली काही बोलत नाही. खुर्ची मात्र कपाटापाशी नेऊन ठेवते आणि निघून जाते. दूध उतू जातेच आहे. भांडी दोन्हीकडे फुटतात.

धाकट्याला ळ येत नाही. डोळा तो डोला म्हणतो, केळे केले होते. हा वयाचा दोष की दिल्लीचा, याचा निर्णय बापाला करता आलेला नाही; पुण्यातली तीन वर्षांची मुलेही बोबडी बोलतातच. पण सभोवतालच्या हिंदीत हा वर्ण नाही, आणि त्याला तो कुठून मिळायचा असेल तर एकाच ठिकाणाहून मिळेल, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

रवींद्रनाथांची 'काबुलीवाला' १८९२ची. तिचा निवेदक कादंबरीचे सतरावे प्रकरण लिहायला बसलेला असतो तोच त्याची पाच वर्षांची मिनी येऊन सांगते की दरवान रामदयाल काकाला, म्हणजे कावळ्याला, कौवा म्हणतो, त्याला काहीच येत नाही. बाप भाषाभेदाविषयी काही सांगू पाहतो तोवर ती दुसऱ्या विषयावर गेलेली असते, आणि मग त्याच्या टेबलापाशी पायांजवळ खेळत बसते. भारतीय भाषांवर पुष्कळ चर्चासत्रे झाली असतील. बहुभाषिक घराचे इतके नेमके चित्र थोडक्याच ठिकाणी सापडेल.

मागच्या हिवाळ्यात, धुरक्याने पाचलाच अंधारून आलेल्या एका संध्याकाळी, त्या घराच्या सज्जावर एक कावळा येऊन बसला. "कौआ," धाकटा म्हणाला, मग बापाकडे पाहून, "कावला."

"कावळा," थोरली म्हणाली. "ळ. जीभ अशी मागे." तिने तोंड उघडून दाखवले. अंधारात त्याला दिसेना, म्हणून त्याने तिच्या तोंडात बोट घातले आणि जिभेचे टोक कुठे लागते ते चाचपून पाहिले. त्याचे समाधान झाले नाही. तो वळला, बापाच्या मांडीवर चढला आणि त्याचा खालचा ओठ ओढून म्हणाला, "बाबा, तू म्हण."

बापाने ळ म्हटले. पुन्हा म्हटले. मुलाचे बोट टाळूवर फिरत होते, आणि त्याला ती जागा सापडेपर्यंत तोंड बराच वेळ उघडे ठेवावे लागले.