राजगडावर बंदोबस्त

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार
यंदा दिवाळीच्या किल्ल्यात राजगडच करायचा, हे मुलांच्या बाबाने गणपती उठल्यापासून जाहीर केलेलं. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून आमच्याकडे त्या यादीचं पाठांतर चालू आहे. आमच्या ओजसला अकरा येतात. तमिळनाडूतली जिंजी दरवेळी राहते.

पार्किंगच्या कोपऱ्यात विटा रचल्या, चिखलात बुचकळलेलं गोणपाट वरून टाकलं, की झाला डोंगर. बाबा मोबाइलवर नकाशा धरून पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या बरोबर त्या-त्या दिशेला काढत होता. सुवेळा माचीवर कड्याला आरपार भोक आहे, ते नेढं. त्यासाठी धाकट्या चिऊचं बोट मापाचं निघालं. बोट आत गेलं आणि बाई तिथंच बसली.
"काढ आता."
"काढलं तर भोक मिटेल."
डास चावायला लागले तेव्हा कुठे भोकाचा विचार मागे पडला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
अळीव भिजवून पेरले. भिजलेले अळीव इतके बुळबुळीत होतात की जमिनीपेक्षा चिऊच्या फ्रॉकवरच जास्त पेरले गेले. रात्री दिवा मालवल्यावर प्रश्न आला, "आई, अळीव आता झोपलेत का उगवतायत?" मी उत्तर जुळवत होते, तोवर तिनेच निकाल दिला. "झोपून उगवतायत."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस
हिरवी लव आली! सकाळी दात न घासता दोघं खाली.

दुपारी कुंभारवाड्यातून मावळे आणले. ओजसने तोफ आणि भालेवाले निवडले. चिऊने एकच वस्तू घेतली, डोक्यावर हंडे घेतलेली गवळण. ती बालेकिल्ल्याच्या दरवाजाहून उंच आहे. घरी आल्यावर गवळणीच्या सोबतीला चिऊचा डायनोसॉरही गडावर दाखल झाला. ओजस रडकुंडीला आला. बाबाने समजावलं, "अगं, महाराजांच्या वेळी डायनोसॉर नव्हते."
"दिसत नव्हते. लपले होते."
यावर इतिहासाकडे उत्तर नाही. शेवटी ओजसनेच तोडगा काढला आणि डायनोसॉरला पाली दरवाजावर पहारा दिला. "पण पगार मिळणार नाही," हेही ऐकवलं. हे कुठून शिकला, देव जाणे.

संध्याकाळी इमारतीतली पोरं किल्ला बघायला जमली. बाबाने राजगड ही आधीची राजधानी, रायगड नंतरची, इथपर्यंत आणलं होतं, इतक्यात मागून एकाने विचारलं, "काका, किल्ल्यावर शू कुठे करायचे?" बाबाचा चेहरा उजळला, कारण हे त्याला येत होतं. रायगडावर राणीवशात शौचकूप आहेत, आजही बघायला मिळतात. झालं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ओजसने एवढीच माहिती दिली. रात्रीपर्यंत राजगडावरही प्लॅस्टिसिनचं एक शौचकूप बांधून झालं, संजीवनी माचीच्या टोकाला. जागेची निवड चांगली आहे, वारं बाहेरच्या बाजूला वाहतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
मावळ्यांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून कोणीतरी गडावर चकल्या ठेवल्या. गड मुंग्यांनी घेतला.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी
पहाटे उटणं, तेल, गरम पाणी आणि रडारड हे ठरलेलं. डोळ्यांत उटणं गेल्याशिवाय आमच्याकडे दिवाळी सुरू होत नाही. ओजसने कारीट टाचेखाली फटकन फोडलं. चिऊ पाय उचलेना.
सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो नरकासुर आहे. राक्षस."
चिऊने कारीट उचलून निरखून पाहिलं. हिरवं, बोराएवढं, अंगावर पांढुरके पट्टे. "याची आई कुठाय?"
सासूबाई क्षणभर थांबल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. नरकासुर भूमीचा मुलगा. "त्याची आई म्हणजे ही जमीन," त्या म्हणाल्या.
मग काय, ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून बाईसाहेब खाली. मागोमाग मी. गडाच्या पायथ्याशी तिने बोटाने उकरून कारीट आत ठेवलं, वरून माती थोपटली आणि मातीला दटावलं, "आता याला घरातच ठेव."
फटाक्यांच्या आवाजात आम्ही वर आलो. शास्त्र पूर्ण झालं की नाही, हे सासूबाईंनी विचारलं नाही. चिऊच्या कपाळाला कुंकू लावताना त्या जरा जास्तच वेळ घेत होत्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा
ओजसचा पहिला दात पडला. खालचा, पुढचा, कडबोळं चावताना. सासूबाईंनी तो तुळशीत पुरायला लावला आणि हातावर दहा रुपये ठेवले. दुधाचे दात एकूण वीस असतात, हे बाबाने कौतुकाने सांगितलं आणि स्वारी हिशेबाला बसली. दिवसभर पुढच्या दाताला बोटाने हलवणं चालू आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज
चिऊने ओवाळलं. ताम्हनातली सुपारी ओवाळताना दोनदा घरंगळली. ओवाळणीत मी आणलेली चित्रांची वही होती. ती तिने बाजूला सारली.
"मला तोफ हवी."
ओजस मला म्हणाला, "तोफ दिली तर गड कसा लढवायचा?" मग बराच विचार करून तिला म्हणाला, "गवळण घे."
"ती माझीच आहे."
"डायनोसॉर घे."
"तोपण माझाच आहे."
ओजसने खिशातून दहाची नोट काढली, बघितली, परत ठेवली. "पुढचा दात पडला की देतो. लिहून घे."
तिला लिहिता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.